पहिलीची इर्जिक

सोपानच्या डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली होती आणि उजव्या अंगठ्याला पुठ्ठ्याचं एक छप्पर लोंबत होतं. औंढ्यात सव्वा एकर इंद्रायणी भात पिकवणारा, बंगलेवाल्यांच्या बागा सांभाळणारा, बंद पडलेली पाण्याची मोटर डोळे झाकून खोलणारा हा गडी शनिवारी दुपारी ओसरीवर बसून तासाभरात एका पुठ्ठ्यापुढे हरला होता. समोर त्याचा सहा वर्षांचा मुलगा स्वराज उकिडवा बसून सगळं बघत होता.

"बाबा, दार उलटं लागलंय."

"दिसतंय मला."

"आन् खिडकी खाली जमिनीला टेकलीय. तिच्यातनं विंचू यील."

"गप बस की जरा!"

तोंडातून निघून गेलं आणि सोपानने जीभ चावली. या पोराला 'गप बस' म्हणायचं नाही, असं दिवाळीनंतर घरात ठरलं होतं.

त्याचं असं झालं होतं, की स्वराज घरी गप बसत नसे आणि शाळेत तोंड उघडत नसे. घरी त्याची टकळी सकाळी दात घासतानाच सुरू व्हायची. तो पाच मिनिटं बोलला नाही तर आजी, म्हणजे सोपानची आई बयाबाई, त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. पण लोणावळ्याच्या शाळेत पहिलीच्या वर्गात जूनपासून या मुलाने एक शब्द उच्चारला नव्हता. जुलैत डायरीत लाल शाईने शेरा आला : 'स्वराज वर्गात बोलत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.' सोपानला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या पोराची डायरी बदलून आली. ऑगस्टमध्ये तोच शेरा पुन्हा आला. दिवाळीनंतर वर्गशिक्षिका अमृता मॅडमनी बोलावूनच घेतलं.

"मुलगा हुशार आहे हो, वहीत सगळं बरोबर लिहितो. पण बोलतच नाही. डिसेंबरमध्ये 'माझे घर' प्रकल्प आहे, त्यात प्रत्येकाने पाच वाक्यं बोलायची आहेत. तेवढी पाच वाक्यं बोलला तरी मी मोठ्या बाईंना सांगू शकेन. नाहीतर बाई म्हणतायत, पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीतच बसवावं."

त्या दिवशी सोपान मोटरसायकलवरून घरी आला तो वाटेत एकदाही हॉर्न न वाजवता. स्वतः सातवीनंतर शाळा सोडलेला हा माणूस पोराला त्या शाळेत घालण्यासाठी तीन वेळा रांगेत उभा राहिला होता.

पोर का बोलत नाही, हे फक्त बयाबाईला माहीत होतं. शाळेच्या दुसऱ्याच दिवशी स्वराज उभा राहून म्हणाला होता, "मॅडम, माजी पेन्सिल गावत न्हाई." यात चुकीचं काही नव्हतं, पेन्सिल खरंच सापडत नव्हती. पण वर्ग हसला. स्वराज खाली बसला आणि त्याने शाळेपुरतं तोंड मिटून घेतलं.

घराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या खाली, जूनमध्ये शाळेने दिलेला एक कागद चिकटवलेला होता : 'पहिलीचे वर्ष : पालकांनी काय अपेक्षित धरावे'. त्यात पंधरा कलमं होती. मूल रोज एक पेन्सिल हरवेल. मुलाचे पुढचे दात पडतील. मूल आईपेक्षा बाईंचे जास्त ऐकेल. ही सगळी कलमं सहामाहीच्या आत खरी झाली होती. राहिलं होतं ते नववं : 'प्रकल्प मूल स्वतः करील. पालकांनी फक्त शेजारी बसावे.'

"आता सा वर्साचं पोर सवताच्या हातानं घर बांधनार व्हय?" सोपान त्या कागदाकडे बघून म्हणायचा. "सा वर्साचा व्हतो तवा मला तर चड्डीची नाडी बांदता येत न्हवती."

आणि शिवाय त्याच्या मनात एक हिशेब होता. घर झकास झालं, तर पोराला हुरूप येईल. हुरूप आला, तर पाच वाक्यं येतील. म्हणून तो पुठ्ठ्याशी झुंजत होता, आणि पुठ्ठा जिंकत होता.

बयाबाई तांदूळ निवडत होती. तिने लेकाच्या अंगठ्याला लोंबणारं छप्पर बघितलं आणि सहज म्हणाली, "एकल्याच्यानं हुईत नसंल तर इर्जिक घाल."

ती टोमणा मारत होती. पण नेमका त्याच वेळी शेजारचा गोरख ताक मागायला दारात उभा होता.

इर्जिक ही मावळातली जुनी रीत. एकट्याचं काम अडलं, की त्याने हाक द्यायची. आळीने औतं, विळे, फावडी घेऊन यायचं, दिवसभरात काम फत्ते करायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही. यजमानाने फक्त पोटभर जेवायला घालायचं. या रितीचे न लिहिलेले दोन नियम आहेत. आलेल्या माणसाला परत धाडायचं नाही, आणि त्याने केलेल्या कामाला नावं ठेवायची नाहीत. आता ट्रॅक्टर आल्यापासून इर्जिक कमी झाली होती, त्यामुळे तर हा शब्द कानावर पडताच गोरखचे डोळे चमकले. तो ताक न घेताच गेला.

रविवारी सकाळी आठ वाजता सोपानच्या अंगणात चौदा माणसं उभी होती. कुणाच्या खांद्यावर फावडं, कुणाच्या हातात कोयता. गोरखने शेळ्यांच्या खोपटाचं जुनं दार पाठीवर आणलं होतं. ठाकरवाडीवरून शिदूआबा कारवीच्या काठ्यांचा भारा घेऊन उतरला होता. कुडाच्या भिंती बांधण्यात पंचक्रोशीत त्याचा हात कुणी धरत नसे.

"अवं, ही मानसं कशाला आल्यात?" सोपानची बायको माधवी आतूनच कुजबुजली.

"सवराजच्या परकल्पाला."

"चौदा?"

"इर्जिक हाय. परत कसं धाडू?"

माधवीने कपाळावर हात मारला. मग ती परड्यात गेली आणि दोन कोंबडे धरून आली. पहिलीच्या अभ्यासापायी दोन कोंबडे गेल्याचं औंढ्याच्या इतिहासात पूर्वी ऐकिवात नव्हतं.

सोपानने सुरुवातीला सांगायचा प्रयत्न केला, की घर एवढंसं हवंय, आणि त्याने हाताने वीतभर माप दाखवलं. शिदूआबाने ते माप बघितलं, आदराने मान हलवली आणि कारवी चार-चार फुटांवर तोडायला घेतली.

"आबा, लय मोटं हुईल."

"भाऊ, कारवी वीतभर तोडली तर तिचा कूड हुईत न्हाई, दातकोरनी हुईल," शिदूआबा म्हणाला.

गोरखचं दार जमिनीवर आडवं टाकून त्याचं जोतं झालं. त्यावर कारवीचा कूड उभा राहिला. बायकांनी शेणमाती कालवली. यंदाचा भाताचा पेंढा ताजा होता, त्याचं छप्पर शाकारलं. दहाच्या सुमारास घर बऱ्यापैकी घरासारखं दिसायला लागलं तेव्हा बयाबाई बाहेर आली, तिने कमरेवर हात ठेवून पाहणी केली आणि विचारलं, "गोठा कुटं हाय?"

"आये, नुसतं घर मागितलंय शाळंनं."

"बिनगोठ्याचं घर? लोनावळ्याची मानसं काय म्हंतील?"

झालं. गोठा सुरू झाला. गोठ्यात दोन माणसं जास्त लागली, त्यामुळे गोठा घरापेक्षा हातभर मोठा झाला. मग तुळस आली. मग कुणीतरी वैरणीची गंज रचली. स्वराज या कडेने त्या कडेला पळत होता.

"मी माती लावू?"

"कपडं घान हुतील. बाजूला हो."

"मी पेंढा देऊ?"

"तू फकस्त बघ. उद्या बोलायचंय ना तुला?"

तो तुळशीच्या ओट्यावर जाऊन बसला आणि बघत राहिला. मुलं अशी गप बघत बसली, की सगळं टिपून घेत असतात, हे त्या कागदावरच्या पंधरा कलमांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुपारी रस्सा उकळत असताना माधवीने सहज मोबाईल बघितला. 'पहिली पालक' गटावर सत्त्याऐंशी संदेश न वाचलेले होते. एकेचाळीस 'ओके मॅडम', तेवीस 'थँक्यू मॅडम', काही जोडलेले हात आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, अशी सगळी रास उपसत ती मागे गेली तेव्हा तळाशी अमृता मॅडमचा शनिवारचा संदेश सापडला : 'महत्त्वाचे. घर बुटाच्या खोक्यात मावेल एवढेच असावे.'

ती पळी हातात घेऊनच बाहेर धावली. सोपानने संदेश वाचला. समोर बघितलं. समोर चार फूट रुंद घर, त्याला जोडून गोठा, आणि भोवती घामाघूम झालेली चौदा माणसं. त्यांना आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्याने खाकरून, चाचरत वाचून दाखवलं. सगळे थांबले. गोरखने घराकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "बूट कुनाचा, ते लिवलंय का?"

"न्हाई."

"मग झालं की!" असं म्हणून सगळे जेवायला बसले.

सोमवारी सकाळी गोरखच्या पिकअपमध्ये चार जणांनी मिळून घर चढवलं. शिदूआबा मागे छप्पर धरून बसला. पुढे सोपानच्या मांडीवर स्वराज, इस्त्रीच्या गणवेशात.

"म्हन एकदा."

"हे माझे घर आहे. माझे घर सुंदर आहे. घरात आई, बाबा व आजी राहतात. आम्ही सर्व मिळून राहतो. मला माझे घर आवडते."

"शाब्बास! आसंच म्हनायचं. घाबरायचं न्हाई."

"बाबा, पन आपुन 'आहे' कुटं म्हंतो?"

"शाळंत म्हनायचं," सोपान म्हणाला. स्वराज खिडकीबाहेर बघायला लागला, आणि सोपानने त्याची इस्त्रीची कॉलर उगाचच नीट केली.

शाळेच्या फाटकातून इतर पालक तळहातावर घरं घेऊन चालले होते. काय एकेक घर होतं! एकाच्या खिडकीत दिवा लागत होता. एकाच्या गच्चीवर निळ्या पाण्याचा पोहण्याचा हौद होता. त्या घरांवरही पोराटोरांचा हात कुठे लागलेला दिसत नव्हता, पण निदान ती बुटाच्या खोक्यात मावत होती. पिकअप मागे घेत घेत आत आली तेव्हा शिपायाला वाटलं, शाळेच्या बागेसाठी खत आलं.

घर वर्गाच्या दारातून आत जाईना. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. शेवटी मोठ्या बाई बाहेर आल्या, त्यांनी चष्मा वर करून ते प्रकरण न्याहाळलं आणि म्हणाल्या, "राहू दे मैदानावर. वर्गालाच बाहेर आणा."

सगळी मुलं गोल करून बसली. मागे पालक उभे राहिले. दिवेवालं घर झालं, हौदवालं घर झालं. पाच वाक्यं, टाळ्या. पाच वाक्यं, टाळ्या. मग अमृता मॅडमनी हळूच नाव घेतलं.

स्वराज घरापाशी उभा राहिला. त्याने ओठ उघडले. मिटले. सोपानने ओठ हलवून 'हे माझे' असं दाखवलं. स्वराजने बापाकडे बघितलं, मुलांकडे बघितलं आणि मान खाली घातली. एक मिनिट गेलं. मोठ्या बाईंनी अमृता मॅडमकडे बघून अगदी थोडी मान हलवली. सोपानला वाटलं, धरणी दुभंगावी आणि पिकअपसकट आपल्याला पोटात घ्यावं.

तेवढ्यात गोठ्यात खुडखुड झाली.

बयाबाईची काळी कोंबडी गेले आठ दिवस अंड्यांवर बसायला जागा शोधत होती. रात्रीच तिने हा नवा, शाकारलेला, निवांत गोठा पसंत केला होता. सकाळपासूनचे सगळे धक्के तिने आतल्या आत सोसले होते, पण टाळ्यांचा कडकडाट मात्र तिला सोसला नव्हता, आणि तो थांबल्याची खात्री होताच तिने बाहेरची वाट धरली. ती पंख फुलवून गोठ्याच्या दारातून तीरासारखी बाहेर आली. पहिलीची तुकडी किंचाळत उधळली. हौदवाल्या घरावर कुणाचा तरी पाय पडला. मोठ्या बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या.

"आरं पळू नका!" एक खणखणीत आवाज आला. "आमची काळी हाय ती! खुडूक झालीया, काय करत न्हाई! तुमी वरडला म्हनून भ्याली ती!"

मैदान जागच्या जागी थांबलं. स्वराजने पुढे होऊन काळीला दोन्ही हातांनी अलगद उचलून काखेत धरलं.

चष्मा लावलेल्या एका मुलीने लांबूनच विचारलं, "खुडूक म्हणजे काय?"

"खुडूक म्हंजी तिला अंड्यावं बसायचंय. ती कुनाचंबी ऐकत न्हाई मग. आजीचंबी."

"तिला हात लावू?"

"लाव. डोक्याला नको लावू, टोचंल. पाठीला लाव."

कुणीही हसलं नाही. सगळे रांग लावून काळीच्या पाठीला हात लावायला लागले.

मोठ्या बाई खुर्चीवरून उतरल्या, पदर सारखा केला आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "ते राहू दे. स्वराज, हे घर कुणी केलं?"

सोपानने मागून घाईघाईने स्वतःच्या छातीवर बोट आपटून खूण केली. 'मी' म्हण, असं त्याला सुचवायचं होतं. स्वराजला ती खूण अगदी स्पष्ट कळली.

"बाबांनी," तो म्हणाला. "म्हंजी पैलं बाबांनीच केलं, पन ते त्यांच्या बोटाला चिकाटलं. मग आई म्हनली, सातवी शिकून एवडंबी येत न्हाई का. मग आजी म्हनली इर्जिक घाल. मग चौदा मानसं आली. कूड शिदूआबांनी केला, ते बगा, ते गाडीपाशी हायत. ते म्हनले, कारवी वीतभर तोडली तर दातकोरनी हुती. दार गोरखकाकांच्या शेळीचं हाय. तिचा वास येतोय ना? मग गोठा. मग आई म्हनली बुटाच्या खोक्यात मावंल एवडं पायजे, तर गोरखकाका म्हनले बूट कुनाचा? मग समद्यांनी कोंबडं खाल्लं. दोन कोंबडं. त्यातला तांबडा माजा व्हता."

"आणि तू काय केलंस?"

"मी फकस्त शेजारी बसलो," स्वराज म्हणाला. "तुमच्या कागदावं लिवलंय ना, शेजारी बसायचं."

पालकांमध्ये कुणाला तरी खोकला आला. सोपान बुटांकडे बघत होता. त्याचे कान तापले होते, तो लाजेने पुरता मेल्यासारखा झाला होता. आणि त्याच वेळी त्याला गावभर पेढे वाटावेसे वाटत होते, कारण पोर थांबतच नव्हतं. इर्जिक म्हणजे काय, हे त्याने वर्गाला समजावून सांगितलं. एकट्याचं अडलं की समद्यांनी यायचं, न्हाई म्हनायचं न्हाई, आन् नंतर जेवायला घालायचं. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती. अमृता मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं, पण थांबवलं नाही. त्यांनी डोळे टिपले, असं गोरखने नंतर गावात सांगितलं, पण गोरखचं सगळंच खरं मानायचं नसतं.

प्रकल्पाच्या तक्त्यावर संध्याकाळी दोन ओळी आल्या. 'प्रतिकृती : पालकांनी केलेली, म्हणून गुण नाहीत. पाच वाक्ये : मोजता आली नाहीत.' सोपानने तो तक्ता घडी करून देव्हाऱ्यात ठेवला. घर परत नेऊ द्यायला मुलंच तयार होईनात, म्हणून ते शाळेच्या आंब्याखाली राहिलं. काळीला मात्र परत आणावं लागलं.

पुढे पंधरा दिवस डायरी कोरी होती. मग एका संध्याकाळी, अंगणात स्वराजची बडबड चालू असताना, माधवीने ती उघडली आणि सोपानला हाक मारली. लाल शाई होती, आणि या वेळी पानभर होती.

'स्वराज वर्गात सतत बोलतो. इतर मुलांनाही बोलायला लावतो. निम्मा वर्ग आता "न्हाई" म्हणू लागला आहे. काल गणिताच्या चाचणीत एक वजाबाकी अडली, तेव्हा त्याने चार मुलांना हाक मारून इर्जिक घातली व मधल्या सुट्टीत त्यांना आपला डबा जेवू घातला. विचारले असता, "न्हाई म्हनायचं न्हाई, अशी रीत हाय," असे उत्तर दिले. पालकांनी उद्या अकरा वाजता मोठ्या बाईंना भेटावे.'

सोपानने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं.

"काय लिवलंय?" बयाबाईने विचारलं.

"तक्रार हाय."

"मग हसतूयास कशाला?"

"बोलतोय म्हनून तक्रार हाय, आये!" सोपान म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले. मग खिशातून पेन काढून पालकांच्या जागी त्याने अशी काही झोकदार सही केली, की ती शेजारच्या दोन ओळींत घुसली.

सही करून झाल्यावर मात्र त्याला मोठ्या बाईंचा चेहरा आठवला. अकरा वाजता. त्या करड्या आवाजापुढे. त्याने डायरी मिटली आणि हलकेच म्हणाला, "पन एकल्यानं जायचं म्हंजी..."

दारात कुणीतरी खाकरलं. ताकाचा तांब्या हातात घेऊन गोरख उभा होता.

"किती जनं लागतील, दादा?" त्याने विचारलं.